दिव्य, गोत आणि दहा रुपयांची भिशी

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर पाय ठेवावयास जागा नसते. आनंद दिघे यांनी १९७८ साली येथे देवीचा उत्सव सुरू केला, तेव्हापासून ते नऊ दिवस नाका नाक्यावाल्यांचा राहत नाही. दसरा उलटतो, मांडवाचे वासे उतरतात, आणि मग आम्हा जुन्या रहिवाशांना रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन शब्द बोलण्याइतकी जागा पुन्हा मिळते. अशाच एका दसऱ्यानंतरच्या रविवारी माझा भाचा डोंबिवलीहून आला. फराळाला अजून अवकाश होता. त्याला घाई निराळ्याच गोष्टीची होती. बोनसचे पैसे हाती यावयाचे होते आणि ते कुठल्याशा अदृश्य नाण्यात घालावेत असे त्याच्या मनाने घेतले होते.

“मामा, या नाण्याची वही एका बँकेत नसते,” तो सांगू लागला. “हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात. कोणीही ती पाहावी, कोणीही तिला पान जोडावे.”

“कोणीही? आणि खोटे पान जोडले तर?”

“म्हणून तर आधी एक कोडे सोडवावे लागते. त्याला युक्ती नाही. आकडा लावून पाहायचा, चुकला की पुढचा, असे कोट्यवधी वेळा. त्यात वीज जळते, यंत्रे तापतात. उत्तर सापडले की ते बरोबर आहे हे मात्र कोणालाही क्षणात तपासता येते. एवढा खर्च सोसून कोण खोटे लिहील? आणि मागचे एक पान बदलायचे म्हटले, तर त्यापुढच्या साऱ्या पानांचा खर्च पुन्हा करावा लागतो.”

“म्हणजे दिव्यच म्हणायचे की!” मी म्हणालो.

त्याने वर लावलेल्या दिव्याकडे पाहिले. मामा विजेच्या बिलाविषयी बोलत आहेत असे त्याला वाटले. मी ज्या दिव्याविषयी बोलत होतो ते त्याने कधी ऐकलेलेच नव्हते, आणि त्यात त्याचा दोष नाही. शाळेच्या इतिहासात लढाया असतात, निवाडे नसतात.

मराठी मुलखात वतनाचा वाद पडला, म्हणजे आधी कागद पाहत, मग भोगवटा कोणाचा ते पाहत, मग साक्षीदार बोलावीत. तिन्ही गोष्टींनी निकाल लागेना तेव्हा दिव्याची पाळी येई. हा क्रम जुन्या धर्मशास्त्राचाच. रवादिव्यात तापलेल्या तेलतुपात धातूचा तुकडा टाकीत आणि वादीप्रतिवादींपैकी एकाने तो हाताने बाहेर काढावयाचा. मग हातावर पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत. तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष पिशवी सोडून हात पाहत. पोळल्याची खूण नसली तर तो खरा. अग्निदिव्य, जलदिव्य असे आणखी प्रकार होते, आणि सौम्य म्हणजे बेलभंडार उचलून शपथ घेणे. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत लिहिलेला जाडजूड ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यात या साऱ्याचा बारकाईने विचार आहे. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: दिव्य ही पहिली पायरी नव्हती. जेथे माणसांवरचा भरवसा संपला, तेथे ते सुरू होई.

माझ्या भाच्याच्या नाण्याचे नेमके उलट आहे. ते जेथून सुरू होते, तेथे आपले पूर्वज नाइलाजाने येऊन पोहोचत. सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचे एक टिपण प्रसिद्ध केले आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. हा गृहस्थ कोण, हे आजवर उलगडलेले नाही. कोड्याची कल्पना मात्र त्याची नव्हे. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली नकोशा टपालाला आळा घालण्यासाठी ती सुचविली होती. पत्र पाठवावयाचे तर आधी थोडा घाम गाळा, म्हणजे एका हाताने लाख पत्रे धाडणारा आपोआप अडेल, असा विचार. १९९७ साली ॲडम बॅक याने तशीच युक्ती चालवून दाखविली. नाकामोतोने ती हिशेबाच्या वहीला लावली. कारण सरळ आहे. अनोळखी लोकांच्या गर्दीत डोकी मोजून उपयोग नाही. एकच माणूस हजार मुखवटे घालून येतो. तेव्हा डोकी मोजू नका, गाळलेला घाम मोजा. या घामापायी आज एखाद्या मध्यम आकाराच्या देशाला वर्षभर पुरावी इतकी वीज खर्च होते.

इतका खर्च डोळ्यांत आल्यावर दुसरे मार्ग शोधणे आलेच. एक मार्ग जामिनाचा. पान लिहिणाऱ्याने आपली ठेव अडकवून ठेवावी; लबाडी केली तर ती जप्त. इथेरियम नावाच्या मोठ्या वहीने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कोडे सोडून हा मार्ग धरला आणि तिचा विजेचा खर्च शेकडा नव्याण्णवांहून अधिक उतरला. आपल्याकडेही वाद उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंकडून जामीन घेत आणि निवाडा मान्य करू असे लिहून घेत. तेव्हा यात नवल ते काय! मला खरे कुतूहल आहे ते तिसऱ्या मार्गाचे. त्यात घामही नाही आणि ठेवही नाही. प्रत्येकाने आपला भरवसा कोणावर आहे ते उघड सांगावयाचे. माझ्या भरवशाची माणसे अमुक गोष्टीला हो म्हणाली तर मी हो म्हणणार. त्यांचीही अशीच आपापली माणसे. आणि ही वर्तुळे एकमेकांत पुरेशी गुंतलेली असली, की सारा गाव एका निर्णयावर येतो. २०१४ साली निघालेल्या स्टेलर नावाच्या वहीसाठी डेव्हिड माझिएर या प्राध्यापकाने २०१५ साली ही रीत गणिताने मांडली.

हे वाचले तेव्हा मला गोतसभा आठवली.

गोत म्हणजे केवळ सोयरेधायरे नव्हेत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पेठेचे शेटे-महाजन, बारा बलुतेदार आणि आसपासच्या गावांचे वतनदार, असे सारे मिळून गोत. ते जमले, वादीप्रतिवादींचे ऐकले, म्हणजे जो निवाड्याचा कागद होई तो महजर. शब्द अरबी-फारशीतला, त्याच्या पोटात हजर असण्याचाच अर्थ आहे. म्हणूनच महजरात आधी हजर मजलशीची यादी येते. नावांमागून नावे, आणि नावांपुढे निशाण्या. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, सुताराचे किंकरे. ज्याला अक्षर येत नाही त्याचेही हत्यार त्याच्यासाठी साक्ष देते. मी पहिल्यांदा असा कागद पाहिला तेव्हा मजकूर बाजूला राहिला आणि त्या चित्रांकडेच पाहत बसलो. हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे आपले हरणे त्याने आपल्याच हाताने वहीत नोंदवावयाचे. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. सरकार आपले सुटत नसे, हे सांगणे न लगे.

कागद एकाच ठिकाणी ठेवून चालत नाही, हे आम्हा ठाणेकरांइतके कोणाला कळावे? सिमाओ बोतेल्होने १५५४ साली पोर्तुगीज मुलखाचा ‘तोंबो’ म्हणजे जमीनमहसुलाची मोठी नोंदवही तयार केली, तीत वसईकडचा मुलूख आहे. वही सरकारची, भाषा सरकारची. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते मराठ्यांकडून घेतले. दर वेळी धनी बदलला की वहीचा धनीही बदलला. शेत मात्र तेथेच राहिले, आणि ते माझेच आहे हे प्रत्येक नव्या धन्याला नव्याने पटवून देण्याची पाळी कसणाऱ्यावर आली.

मराठी सनदेची रीत अशा वेळी फार शहाणपणाची वाटते. वतन किंवा इनाम दिले, म्हणजे सामान्यतः एका सनदेची चार पत्रे होत: एक ज्याला दिले त्याच्या नावे, एक गावच्या मोकदमाला, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना आणि एक कमाविसदाराला. पत्राच्या शेवटी ठरलेली ताकीद असे, की याची तालीक म्हणजे नक्कल लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवटियासाठी वतनदाराला परत द्यावे. एक जळाले, एक चोरीस गेले, एकाला वाळवी लागली, तरी चौथे बोलत असे. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या इनामांचे पुरावे मागितले जाऊ लागले, तेव्हा घरच्या दप्तराला वाळवी लागलेल्यांची काय अवस्था झाली असेल ती कल्पनाच करावी.

आता कोणी म्हणेल, की मग सगळे सोन्याचेच होते तर! नव्हते. गोतात बसावयाचे तर वतन हवे, मिरास हवी. चार वर्षांपूर्वी गावात येऊन जमीन कसू लागलेल्या उपऱ्याला तेथे आवाज नव्हता. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानीत; बसावयास मात्र त्याला पारापासून लांब. भरवशाची माणसे कोण, हे जन्माने ठरलेले होते. भाच्याच्या नाण्याची बाजू येथे मोठी आहे हे कबूल केले पाहिजे: ते कोड्याचे उत्तर पाहते, आडनाव विचारीत नाही. खोटे महजरही पुष्कळ झाले. सारे गोत एकजुटीने खोटे बोलले तर काय करावे?

या प्रश्नाला आधुनिक गणिताने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज या तिघांनी १९८२ साली ‘बायझंटाइन सेनापतीं’चे कोडे मांडले. वेढा घालून बसलेले सेनापती जासुदांकरवी निरोप धाडून एकाच वेळी हल्ला करावयाचा की माघार घ्यावयाची ते ठरवीत आहेत, आणि त्यांच्यात फितूर आहे. केवळ तोंडी निरोपांवर भागवावयाचे तर तिघांत एक फितूर असला, की उरलेल्या दोघा प्रामाणिकांना एकमताने निर्णय करणे अशक्य. चौघे असतील तर जमते. सनदेच्या चार पत्रांची आठवण होऊन मला गंमत वाटली. अर्थात हा योगायोग. आपल्या कारकुनांनी ते गणित केले होते असे म्हणण्याइतका मी अभिमानी नाही.

परंतु गोताने दिलेले उत्तर निराळे होते आणि मला ते अधिक खोल वाटते. त्याचे नाव परस्थळ. गावचे गोत पक्षपाती आहे असे वाटले, तर वादी दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे जावयास मागत असे. जेथे दोघांचीही सोयरीक नाही, जेथल्या माणसांचे या वतनात काही अडकलेले नाही, अशा ठिकाणी. तेथे अधिक डोकी असत असे नाही. आपली नसलेली डोकी असत. साक्षीदार किती, याहून ते एकमेकांपासून किती सुटे आहेत, हा प्रश्न मोठा आहे, हे या रिवाजाने ओळखले होते. मी ते ग्रंथातून शिकलो नाही. आमच्या चाळीत, वयाच्या अकराव्या वर्षी पाहिले.

टेंभी नाक्याच्या मागे आमची चाळ होती. वडील वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात फिटर. चाळीत वीस बिऱ्हाडांची भिशी चाले. महिन्याला दहा रुपये, दोनशेची रक्कम, ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याची भिशी. घोटाळा नको म्हणून तीन वह्या, तीन घरी. हप्ते घेणारे मात्र एकच गृहस्थ, चाळीतले सर्वांत वयस्क आणि, मी आजही म्हणेन, सर्वांत सचोटीचे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. भांडी फळीवरून कोसळली, आणि सारी चाळ अंधारात अंगणात येऊन उभी राहिली. बायका रामनाम घेत होत्या, मुले कुडकुडत होती. वडिलांनी पळताना खुंटीवरचा सदरा खांद्यावर टाकला होता; त्याच्या खिशात पगार होता. काही बोलावे म्हणून ते त्या गृहस्थांना म्हणाले, “भिशीचे घेऊनच टाका, काका. घर राहते की जाते कोण जाणे!” आणि दहाची नोट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कनवटीला लावली. उजाडल्यावर जो तो आपापल्या भिंतींच्या भेगा मोजू लागला.

तीन दिवसांनी भिशी निघावयाची, तर तिन्ही वह्यांत वडिलांचे घर कोरे. काकांना काही आठवत नव्हते. ते खोटे बोलत नव्हते. वडिलांनी आपली खर्चाची वही आणून दाखविली. तीत लिहिले होते, ‘११ डिसेंबर. भूकंप. भिशी १०.’

“ती तुमच्याच हातची,” कोणी म्हणाले. “इकडे तीन वह्या आहेत.”

एकाने तोडगा काढला, की कौपिनेश्वराच्या देवळात जाऊन पिंडीवर हात ठेवावा, म्हणजे झाले. वडील क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दहा रुपयांसाठी देवाला उठवायचे?” आत जाऊन त्यांनी दुसरी नोट आणली आणि ठेवली. त्या महिन्यात आमचे दूध निम्मे झाले. दूध पुढच्या महिन्यात पूर्ववत झाले. पण चाळीच्या गणपतीची वर्गणी दर वर्षी वडील मोजीत असत, ते काम पुढल्या वर्षी दुसऱ्याकडे गेले. कोणी कारण सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही.

आमच्या समोरच्या खोलीत एक बेने इस्रायली मावशी राहत. नाक्यावर १८७९ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. त्यामुळे या भागात त्यांची पुष्कळ बिऱ्हाडे होती. मावशी शिवणकाम करीत. आमच्या शाळेच्या चड्ड्या त्यांच्याच यंत्रावर झालेल्या. १९७१ साली त्यांचे कुटुंब इस्रायलला निघाले. निरोप घ्यावयास आल्या तेव्हा आईच्या हाती त्यांनी लोणच्याची बरणी दिली आणि सहज बोलून गेल्या, “वहिनी, भूकंपाच्या दिवशी भाऊंनी काकांना नोट दिली, ती मी पायरीवरून पाहिली होती बरं का.”

आईच्या हातची बरणी थरथरली. “अहो, मग तेव्हा का नाही बोललात?”

“मला कोणी विचारलं कुठे? मी काय तुमच्या भिशीत होते?”

पुढे मोठेपणी मला उलगडले, की त्या तीन वह्या मुळी तीन नव्हत्याच. काका आपली वही लिहीत आणि संध्याकाळी दुसरे दोघे ती समोर ठेवून उतरवून घेत. तालीक आणि साक्ष यांत आम्ही गल्लत केली होती. काकांचा विसर तीनदा लिहिला गेला आणि तीन साक्षी झाला. जिला खरे ठाऊक होते ती चौथी आमच्या गोताबाहेर होती, म्हणून तिला बोलावणे गेले नाही.

भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने भ्रमणध्वनीवर काहीतरी शोधले आणि तो हसू लागला. स्टेलरच्या वहीचेही तसेच झाले होते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१९ साली तिची वर्तुळे तपासली. नावे अनेक, पण सर्वांचा भरवसा अखेर फिरून थोड्याच ठिकाणी येत होता. संस्थापक संस्थेची दोन यंत्रे बंद पडली तरी सारी वही थांबेल, असा त्यांनी हिशेब मांडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती सुमारे तासभर खरोखरीच थांबली होती. खोटे पान मात्र त्या तासात लिहिले गेले नाही; ती नुसती गप्प राहिली. आमच्या चाळीला ते जमले नाही.

“मग मी पैसे घालू की नको?” त्याने विचारले.

“ते तुझे तू पाहा. मला नाण्यातले काय कळते?”

मावशी गेल्या त्या रात्री आईने वडिलांना सर्व सांगितले होते. मी अंथरुणात जागा होतो. आई म्हणत होती, की उद्या सकाळी काकांकडे जाते. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “नको. म्हातारा जिवाला लावून घेईल.” काका त्यानंतर सहा वर्षांनी वारले. त्यांना ते कधीच कळले नाही.

वडिलांची खर्चाची वही माझ्याकडे आहे. यंदा दिवाळीची साफसफाई करताना ती पुन्हा हाती आली. भाचा शेजारी बसला होता. ११ डिसेंबरच्या ओळीखाली जागा कोरी होती. मी पेन्सिल घेतली आणि ‘हे मी पाहिले’ असे मावशींच्या वतीने लिहिले. नाव लिहून झाल्यावर निशाणी कोणती काढावी याचा विचार पडला. भाचा म्हणाला, “मामा, कात्री काढा.” माझी कात्री काही कात्रीसारखी दिसेना, म्हणून शेवटी ती त्यानेच काढली.